गाइडबाईंची ओटी

धाकट्या भाऊजींनी स्वतःचं लग्न ठरवलंय ही बातमी मला शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या आमच्या घराच्या गराजमध्ये, कचऱ्याचा डबा रस्त्यापर्यंत ढकलत नेताना मिळाली. एरवी त्या डब्याला बोट न लावणारा माणूस त्या दिवशी आपण होऊन मदतीला आला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ. आमच्यापासून दोन-अडीच तासांवरच्या युनिव्हर्सिटीत पीएचडी करायचे आणि दर शनिवारी धुण्याचे कपडे घेऊन आमच्याकडे उतरायचे.

“वहिनी, माझ्याच लॅबमधली आहे. टॅलिनची.”

“हे कुठे आलं?”

“एस्टोनियात. बाल्टिक समुद्रावर. एकदम जुनं बंदर आहे, सातशे-आठशे वर्षांचं.”

गाव जुनं असलं म्हणजे सासू लवकर पाघळते, असा बहुधा त्यांचा समज असावा. माझ्या सासूबाई त्या वेळी वर बाथरूममध्ये केस धूत होत्या आणि सासरे बाहेर लॉनच्या कडेने शतपावली घालत होते. २००६ सालचा उन्हाळा नुकता लागत होता. दोघं मार्चमध्ये पुण्याहून सहा महिन्यांसाठी आले होते. सासूबाईंनी येताना भाऊजींसाठी तीन मुलींचे फोटो आणले होते, आणि दिवाळीत भाऊजी पुण्याला गेले की लागोपाठ तीन घरी पोहे खायचे, हे त्यांच्या मनात पक्कं होतं. सासरे विजेच्या खात्यातून निवृत्त झालेले. कुठलीही गोष्ट अचानक झालेली त्यांना चालत नसे. आमटीत मीठ जास्त पडलं तरी ते “आधी सांगायचं” म्हणत.

“डायरेक्ट सांगितलं ना, तर बाबा तिकीट प्रीपोन करून निघून जातील,” भाऊजी म्हणाले. “आई महिनाभर रडेल. त्यापेक्षा आधी त्यांना माणसं आवडू देत, यार. मग सांगू.”

बेत असा होता. जूनमध्ये मुलगी सुट्टीला घरी जाणार होती. आम्हीही त्याच सुमाराला टॅलिनला सहलीला जायचं. मुलीची आई त्या जुन्या गावात खरोखरच टूरिस्ट लोकांना फिरवायचं काम करायची, त्यामुळे खोटं असं फारसं बोलावं लागणार नव्हतं. तिने आणि तिच्या नवऱ्याने आम्हाला चार दिवस गाव दाखवायचं, आई-बाबा खूश झाले की शेवटच्या दिवशी भाऊजींनी तोंड उघडायचं.

“आणि त्या बिचाऱ्यांना हे नाटक मान्य आहे?”

“त्यांना नाटक माहीतच नाही. त्यांना वाटतंय, आई-बाबांना सगळं ठाऊक आहे. मी फक्त एवढंच सांगितलंय, की आमच्यात पहिल्या भेटीत लग्नाचा विषय काढणं बॅड मॅनर्स समजतात.”

मी कचऱ्याचा डबा तिथेच सोडला. आमच्यात पहिल्या भेटीत पगार, उंची, पत्रिका आणि चष्म्याचा नंबर विचारून होतो, चहा त्यानंतर येतो. पण खरं सांगते, मी विरोध केला नाही. सासू-सासऱ्यांबरोबर एका टाउनहाउसमध्ये राहून मला कुठेतरी जायचंच होतं, मग ते बाल्टिक का असेना. आणि भाऊजींवर माझा जीव होता. नवऱ्याला विचारलं तर “माझं प्रॉजेक्ट गो-लाइव्ह आहे” म्हणून त्याने हात वर केले. घरात अवघड प्रसंग आला की त्याचं प्रॉजेक्ट हमखास गो-लाइव्ह होतं.

सासऱ्यांनी नकाशात टॅलिन शोधलं आणि नाक मुरडलं. इथे बघण्यासारखं काय आहे, म्हणाले.

“पॅकेज आहे, बाबा,” भाऊजी म्हणाले. “गाइड, फिरणं, जेवण, सगळं आत आलं.”

पॅकेज म्हटल्यावर सासरे निवळले. पॅकेज म्हणजे सगळं आधी सांगितलेलं.

सासूबाईंनी दशम्या केल्या, भडंग केलं आणि एका वेगळ्या पिशवीत ओटीचं सामान भरलं. त्यांचा एक नियम होता. ज्या घरी बसून जेवलो, त्या घरच्या सवाष्णीची ओटी भरल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. खण, नारळ, मूठभर तांदूळ, हळदकुंकू. बाई कुठल्या जातीची, धर्माची, देशाची हे त्या बघत नसत. आमच्या शेजारच्या अमेरिकन बाईंनी कुकीज खायला बोलावलं तर सासूबाईंनी त्यांचीही ओटी भरली होती. त्यांनी खण गळ्याला स्कार्फसारखा बांधला आणि नारळ पोर्चवर शोभेला ठेवला, तो पुढे हॅलोवीनपर्यंत तिथेच होता.

“आई, तिथे आपण हॉटेलात जेवणार,” मी म्हटलं. “कोणाची भरणार ओटी?”

“असू दे गं. जड आहे का?”

नारळ जडच होता.

टॅलिनच्या विमानतळावर तिघं उभी होती. मुलीची आई ठेंगणी आणि ताठ, हातात पिवळी छत्री. ती छत्री उंच धरून ती टूरिस्टांची रांग चालवायची, आणि आम्ही चौघंच असूनही तिने ती तशीच उंच धरली. वडील ताडमाड, बंदरात क्रेन चालवून निवृत्त झालेले, इंग्रजी जेमतेम. मुलगी सोनेरी केसांची, गंभीर, आणि घाबरल्यामुळे आणखीच गंभीर. तिघांच्याही हातात फुलं होती.

“गाइड फुलं घेऊन येतात?” सासऱ्यांनी विचारलं.

“युरोप आहे, बाबा.”

सासऱ्यांनी फुलं सासूबाईंच्या हातात दिली, खांद्यावरची रेक्झिनची पिशवी काढली आणि मुलीच्या वडिलांना दिली. त्या पिशवीत पाण्याच्या बाटल्या, छत्री, स्वेटर, कानटोपी, दुर्बीण आणि भडंगाचा स्टीलचा डबा होता. “हे त्यांचं कामच असतं,” सासरे मला मराठीत म्हणाले. त्या माणसाने मान लववली आणि पिशवी खांद्याला लावली, ती मग आम्ही निघेपर्यंत तिथेच राहिली. मी भाऊजींकडे बघितलं. भाऊजी विमानतळाचं छत बघत होते.

गाव मात्र खरंच बघण्यासारखं निघालं. तटबंदी अजून उभी, बुरुजांना लाल टोकदार टोप्या, गोल दगडांच्या उतरत्या गल्ल्या आणि प्रत्येक गल्लीच्या टोकाला कुठलं तरी चर्च. वरच्या गावातून खाली बघितलं की छपरांच्या पलीकडे बंदर दिसायचं आणि त्यात इमारतींएवढी जहाजं. सासूबाई नऊवारी नव्हे तरी पाचवारी साडीवर पांढरे स्पोर्ट शूज घालून त्या दगडांवरून टुकटुक चालत होत्या. गाइडबाई एकेका दारापाशी छत्री टेकवून व्यापाऱ्यांच्या, मिठाच्या आणि मेणाच्या गोष्टी सांगायच्या. एका बुरुजाचं नावच मुळी ‘स्वयंपाकघरात डोकावणारा’ असं होतं. पूर्वी त्यावरच्या शिपायांना खालच्या घरांच्या चुलीवर काय शिजतंय तेही दिसायचं म्हणे.

“आमच्या समोरच्या काकूंना बुरूजही लागत नाही,” सासूबाई म्हणाल्या, आणि मी ते इंग्रजीत सांगितल्यावर गाइडबाई इतक्या हसल्या की छत्री हातातून पडली. त्या दिवसापासून दोघींचं जमलं. भाषा नाही तर नाही, पण दोघी एकमेकींचा दंड धरून चालायला लागल्या. माझ्या सासूबाईंनी माझा दंड धरायला लग्नानंतर दोन वर्षं घेतली होती, हे मी तेव्हाही मनात मोजलं.

सासऱ्यांचा संशय मात्र दिवसागणिक वाढत होता. गाइड स्वतः कॉफीचे पैसे देतो. गाइड घरून डब्यात बटाटे उकडून आणतो, त्यावर शेपू पेरतो आणि सासूबाई मांसाहार करत नाहीत म्हणून वेगळा चमचा आणतो. गाइडची मुलगी सासूबाईंचा थर्मास धरते.

“इतकं गोड वागतात, म्हणजे पुढे काहीतरी आहे,” ते म्हणाले. “आग्र्याला आठवतं ना?”

आग्र्याची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ होती. सासरे-सासूबाई तरुणपणी आग्र्याला गेले होते. तिथल्या गाइडने दिवसभर साहेब-साहेब केलं आणि संध्याकाळी आपल्या भावाच्या संगमरवराच्या दुकानात नेऊन बसवलं. तिथून बाहेर पडताना सासऱ्यांच्या हातात छोटा ताजमहाल होता आणि परतीच्या प्रवासात त्याचे दोन मिनार तुटले. तेव्हापासून जगातला प्रत्येक गाइड हा शेवटी दुकानात नेणारच, असं त्यांचं ठाम मत होतं.

मुलगीही एकदा घसरली. सासूबाई चष्मा शोधत होत्या, पर्स उपसून झाली होती. मुलगी पटकन म्हणाली, “आई, डोक्यावर.” शुद्ध मराठीत. सगळे थबकले.

“हिला मराठी येतं?” सासऱ्यांनी विचारलं.

“ट्रेनिंग देतात, बाबा,” भाऊजी म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. “टूरिस्टांच्या भाषेतली थोडी-थोडी वाक्यं.”

सासरे खूश झाले. आपल्याकडे अशी शिस्त का नाही, यावर ते कॅथेड्रलपर्यंत बोलत राहिले. मी मात्र भाऊजींच्या मागे मागे चालत होते. ‘आज सांगा’, ‘आता सांगा’, ‘आईंचा मूड चांगला आहे, सांगा’ असं मी कुजबुजायची आणि ते ‘उद्या नक्की’ म्हणायचे. इतका हुशार मुलगा, पण बापासमोर उभा राहिला की त्याची पाचावर धारण बसायची.

तिसऱ्या दिवशी गाइडबाईंनी आम्हाला तटबंदीला चिकटून असलेल्या एका गल्लीत नेलं. तिथे भिंतीच्या कमानींखाली बायका लोकरीचे कपडे विकत बसतात. स्वेटर, टोप्या, मोजे, सगळ्यावर चांदण्या आणि हरणं विणलेली. एका टपरीपाशी गाइडबाई थांबल्या. टपरीवरची बाई उठून उभी राहिली. ती मुलीची मावशी होती. तिने केस विंचरून चापूनचोपून बसवले होते आणि झग्यावर चांदीचा मोठा गोल बिल्ला लावला होता. तिने कापडात गुंडाळलेली पुडी उघडली. आत हातमोज्यांचे जोड होते, पांढऱ्यावर लाल नक्षीचे, अंगठा वेगळा आणि बाकीची चार बोटं एका पिशवीत घालायचे. त्यातला सगळ्यात मोठा जोड तिने दोन्ही हातांनी सासऱ्यांपुढे धरला.

“आलं,” सासरे म्हणाले. “आलं दुकान. बघ, मी म्हटलं नव्हतं?”

“बाबा, घ्या ना,” भाऊजी पुटपुटले.

“जूनमध्ये हातमोजे? शेंडी लावायला मीच सापडलो का?” आणि मग मोठ्या आवाजात, स्वच्छ इंग्रजीत, “नो शॉपिंग. थँक्यू. नो शॉपिंग.” त्यांनी दोन्ही हात पँटच्या खिशात खोल घातले, कोणी जबरदस्तीने मोजे चढवू नयेत म्हणून. सासूबाईंना नक्षी आवडली होती, त्यांचा हात पुढे झाला होता, पण सासऱ्यांनी डोळे वटारल्यावर त्यांनीही तो मागे घेतला. मावशी तशीच उभी राहिली. मग तिने मोजे परत कापडात गुंडाळले आणि पाठ फिरवली. गाइडबाईंनी छत्री मिटली.

मुलगी मला बाजूला घेऊन गेली. तिचा आवाज अगदी शांत होता, आणि मला त्याचीच भीती वाटली.

“आमच्याकडे लग्नाआधी मुलीकडून मुलाच्या घरच्या प्रत्येकाला हातमोजे देतात,” ती म्हणाली. “सगळे जोड मी विणलेत. तुझ्या सासऱ्यांचे लॅबमध्ये विणले, मशीन चालू असताना. आई विचारतेय, ते नको म्हणाले म्हणजे मी नको, असंच ना?”

“त्यांना वाटलं, विकायला काढलेत,” असं मी म्हटलं असतं, तर पुढचं सगळंच सांगावं लागलं असतं, आणि ते सांगणं माझं काम नव्हतं. मी तिचा हात धरला आणि “थांब जरा” एवढंच म्हटलं. मग भाऊजींना एका चर्चच्या मागच्या बाकावर बसवलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती ती सगळी त्यांच्यावर ओतली. मी नागपूरची आहे, पुण्याच्या घरात बरीच वर्षं हळू आवाजात बोलून काढली होती, ती त्या दिवशी वसूल केली.

“तुम्ही सांगता, की मी सांगू?”

“उद्या, वहिनी. उद्या त्यांच्या घरी लंच आहे. तिथे सांगतो. प्रॉमिस.”

“आता लंचला तरी बोलावतील का?”

त्यांनी बोलावलं. मला त्या माणसांचं तेव्हा फार कौतुक वाटलं. मुलगी नाकारली गेली असं समजूनही त्यांनी ठरलेलं जेवण रद्द केलं नाही.

“गाइडच्या घरी जेवण?” सासऱ्यांनी टॅक्सीत विचारलं. “हेही पॅकेजमध्ये?”

“हो, बाबा.”

“नाव काय त्या कंपनीचं? पुण्यात चार जणांना सांगू.”

घर समुद्राकडच्या एका जुन्या चाळवजा इमारतीत होतं, तिसऱ्या मजल्यावर. टेबलावर इस्त्री केलेली पांढरी चादर. नवे बटाटे, काकडी-दह्याची कोशिंबीर, मशरूमची भाजी, काळा ब्रेड, रुबार्ब नावाच्या आंबट देठांचा केक. मुलीचे वडील सूट घालून बसले होते आणि त्यांच्या खुर्चीशेजारी सासऱ्यांची रेक्झिनची पिशवी नीट उभी करून ठेवली होती. मावशी कोपऱ्यात बसली होती, तिने आमच्याकडे बघितलं नाही. काट्या-चमच्यांचा आवाज तेवढा होता. मी टेबलाखालून भाऊजींच्या पायावर पाय दिला. त्यांनी घसा खाकरला, सगळ्यांनी वर बघितलं आणि ते म्हणाले, “पोटॅटो फार छान झालाय.”

“ही बाई रडलेली आहे,” सासूबाई माझ्या कानात म्हणाल्या. “डोळे बघ. नवऱ्याशी वाजलं असणार. तरी बघ, किती मन लावून रांधलंय.”

जेवण झालं. निरोपाची वेळ आली. सासूबाई उठल्या आणि त्यांनी ती ओटीच्या सामानाची पिशवी काढली.

त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. त्या शेजारणीच्या कुकीज खाल्ल्या तेव्हा जे केलं तेच करत होत्या. त्यांनी गाइडबाईंना खुर्चीवर पूर्वेकडे तोंड करून बसवलं. ओटी भरायला पदर लागतो. गाइडबाईंना पदर नव्हता, म्हणून सासूबाईंनी त्यांचा स्वयंपाकाचा एप्रन दोन्ही टोकांना धरून पसरायला लावला. कपाळाला हळदकुंकू लावलं. मग हिरवा खण, वर नारळ, वर तांदळाच्या ओंजळी, हे सगळं त्या एप्रनमध्ये घातलं आणि नमस्कार केला.

मुलगी भिंतीला टेकून उभी होती. गेल्या हिवाळ्यात भाऊजींनी तिला आमच्या जवळच्या नेपरव्हिलला एका मित्राच्या साखरपुड्याला नेलं होतं. तिथे तिने मुलाच्या आईला हेच करताना बघितलं होतं. नारळ, तांदूळ, खण, आणि मग टाळ्या. तिने आपल्या भाषेत आईला काहीतरी सांगितलं, अगदी दोन-तीन शब्द.

गाइडबाई ओटी एका हाताने सावरत उठल्या आणि दुसऱ्या हाताने सासूबाईंना मिठी मारून ओक्साबोक्शी रडायला लागल्या. मावशी आतल्या खोलीत धावली. मुलीच्या वडिलांनी कपाटातून छोटे पेले काढून लाल सरबत ओतायला घेतलं, घाईत थोडं चादरीवरही सांडलं.

“नारळ फारच आवडलेला दिसतो,” सासरे मला म्हणाले. “मिळत नसेल इकडे.”

एवढ्यात मावशी हातमोजे घेऊन आली. आज तिने कोणाला विचारलं नाही. सासऱ्यांचे हात खिशात जायच्या आत तिने ते धरले आणि एक-एक करून मोजे चढवले, मनगटापर्यंत ओढून बसवले. मुलीचे वडील पेला वर करून उभे राहिले. बहुधा कित्येक दिवस पाठ केलेलं आणि कालपासून फुकट गेलंसं वाटलेलं वाक्य त्यांनी म्हटलं.

“टु अवर चिल्ड्रन.”

सासऱ्यांना इंग्रजी उत्तम येतं. त्यांनी पेल्याकडे बघितलं, मुलीकडे बघितलं, मग भाऊजींकडे. भाऊजींनी माझ्याकडे. मी केककडे.

“कोणाची चिल्ड्रन?” सासरे मराठीत म्हणाले.

आणि तेव्हा कुठे भाऊजींच्या तोंडाचं कुलूप उघडलं. उभ्याउभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. पॅकेज नाही, कंपनी नाही, मोजे म्हणजे मुलीकडचा आहेर होता, तो नाकारल्यावर यांना मुलगीच नाकारली असं वाटलं होतं, लॅब आहे, दोन वर्षं झाली आहेत, आणि लग्न करायचं तर हिच्याशीच. मराठीतून चाललेलं असल्यामुळे एस्टोनियाची मंडळी हे आशीर्वादाचं भाषण समजून मान डोलवत होती.

सासरे मोजे घातलेल्या हातांनी मोजे काढायचा प्रयत्न करत होते. ते निघत नव्हते. “हे परत करायचे,” ते म्हणाले. “आणि तो नारळ परत घे. गैरसमज झालाय म्हणून सांगा त्यांना.”

सासूबाईंच्या खांद्यावर अजून गाइडबाईंचं डोकं होतं. सासूबाईंचा चेहरा मी कधी विसरणार नाही. राग होता, धक्का होता, डोळ्यांत पाणीही होतं. पण त्या हलल्या नाहीत.

“भरलेली ओटी काढून घेऊ? सवाष्णीच्या पदरातून?” त्या म्हणाल्या. “माझ्या हातून व्हायचं नाही ते.”

“तो पदर नाही, एप्रन आहे,” सासरे म्हणाले.

“मी भरली तेव्हा पदरच होता.”

आम्ही मोज्यांसकट परत निघालो. पिशवी मुलीच्या वडिलांनी टॅक्सीपर्यंत आणून दिली.

शॉमबर्गला परतल्यावर घरात आठवडाभर जे वातावरण होतं, त्यापेक्षा बाल्टिक बरा. सासूबाई भाऊजींशी बोलत नव्हत्या, पण माझ्याशी त्यांच्याबद्दल सारखं बोलत होत्या. त्यांचा राग मुलीवर नव्हता. “फिरायला नेतो म्हणून सांगून पोरगी दाखवली,” त्या म्हणायच्या. “आमच्या वेळी पोरगी दाखवायला नेतो असं सांगून नेत. तयारी तरी व्हायची. मी तिथे सगळीकडे ते बूट घालून फिरले.” मग थोड्या वेळाने, “ती बाई हळद पुसणार नाही ना गं लगेच?”

सासरे मात्र मूग गिळून बसले होते. एकदाच म्हणाले, “मोजे घातले गेले आहेत. मी घेतलेले नाहीत. दिवाळीचे कार्यक्रम ठरल्याप्रमाणे होतील.” भाऊजींनी त्या शनिवारी न धुतलेले कपडे तसेच गाडीत टाकले आणि निघून गेले. मी खिडकीतून बघत होते. बापाने हो म्हटल्याशिवाय हा मुलगा लग्न करायचा नाही आणि दुसरीशीही करायचा नाही, हे मला दिसत होतं. आयुष्यभर आमच्या ड्रायरपाशी एकटा उभा राहील, असं वाटून मला रडू आलं.

रविवारी सकाळी मी दुकानातून फोटोंचे प्रिंट घेऊन आले. सासऱ्यांनी ते डायनिंग टेबलवर पत्त्यांसारखे मांडले. सासूबाई शेजारी कोथिंबीर निवडत होत्या. बुरूज, चर्च, बंदर, पिवळी छत्री. सासरे एकेक फोटो उचलून चष्म्याजवळ नेत होते.

“ही पिशवी बघ,” ते शेवटी म्हणाले.

मी बघितलं. वरच्या गावातला फोटो होता. सासरे पुढे, हात मागे बांधून, मान उंच. मागे मुलीचे वडील, खांद्यावर रेक्झिनची पिशवी. पुढच्या फोटोत तेच. कॅथेड्रलपाशी तेच. एका फोटोत ते वाकून पिशवीतून सासऱ्यांसाठी पाण्याची बाटली काढत होते.

“चार दिवस,” सासरे म्हणाले. “माझ्याच वयाचा माणूस. मुलीचा बाप. मुलीला नको म्हटलं असं वाटत असतानाही माझी पिशवी घेऊन चालला. आणि मी एकदासुद्धा म्हटलं नाही, की द्या, घेतो मी.”

“उलट भडंगाचा डबा काढून दे म्हणून सांगितलंत,” सासूबाई म्हणाल्या.

सासऱ्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला लागले. पुसून झाला तरी पुसत राहिले.

“फोन लाव त्यांना,” ते मला म्हणाले.

मी कॉलिंग कार्ड काढलं आणि ते लांबलचक आकडे दाबायला सुरुवात केली. तिकडे संध्याकाळ असणार होती. मध्येच थांबून विचारलं, “ते विचारतील, कोण बोलतंय. काय सांगू?”

सासरे माझ्याकडे बघतच नव्हते.

“सांग, व्याही बोलताहेत म्हणून.”

सासूबाईंच्या हातातली कोथिंबिरीची काडी तशीच राहिली. मी पाठ वळवून उरलेले आकडे दाबले, कारण मला दिसेनासं झालं होतं. पलीकडे मुलीच्या वडिलांनीच फोन उचलला. व्याही हे इंग्रजीत कसं सांगायचं ते मला आजही येत नाही, म्हणून मी “तुमच्या मुलीचे सासरे” असं काहीतरी सांगितलं आणि फोन सासऱ्यांकडे दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि समोरच्याला समजावं म्हणून एकेक शब्द तोडून, घरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “माय बॅग. यू कॅरी. फोर डेज. आय ॲम सॉरी.”

पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला.

“नो हेवी,” तो म्हणाला. “नो हेवी.”

“हेवी होती हो,” सासरे मराठीत म्हणाले.